संख्येचे कारणत्व

वस्तूचे आकारमान तिच्या घटकांच्या आकारमानातून येते, की घटक किती आहेत या केवळ संख्येतून येते, हा प्रश्न भारतीय दर्शनांत वैशेषिकांनी उपस्थित केला आणि दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिथिलेतील उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'च्या पाचव्या स्तबकात त्याला थेट ईश्वरसिद्धीच्या अनुमानांत स्थान दिले. जग हे कार्य आहे म्हणून त्याला कर्ता असला पाहिजे, हे त्यांचे पहिले अनुमान परिचित आहे आणि त्यावरून बौद्ध व मीमांसक यांच्याशी झालेला वादही पुष्कळ अभ्यासला गेला आहे. संख्येवरून ईश्वराकडे जाणारे अनुमान मात्र फार तांत्रिक म्हणून बहुधा बाजूला राहते. ते तसे राहू नये, कारण मूलद्रव्यांच्या अणूंचे आकारमान आणि त्यांची आयनीभवन ऊर्जा यांचा जो चढउतार आवर्तसारणीत दिसतो, त्याच्या मुळाशी गेल्यावर उदयनाचार्यांनी विचारलेलाच प्रश्न पुन्हा समोर येतो: संख्या ही मोजणाऱ्याच्या बुद्धीत असते की मोजल्या जाणाऱ्या वस्तूत, आणि ती कारण होऊ शकते काय?

वैशेषिक मतानुसार पृथ्वी, जल, तेज आणि वायू या चार द्रव्यांचे परमाणू नित्य व निरवयव असून त्यांच्या परिमाणाला, म्हणजे आकारमान या गुणाला, 'पारिमांडल्य' असे नाव आहे. दोन परमाणूंचे द्व्यणुक होते, तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक होते, आणि झरोक्यातून आलेल्या उन्हात तरंगणारा कण, म्हणजे डोळ्यांना दिसू शकणारे सर्वांत लहान द्रव्य, हेच ते त्र्यणुक होय. अडचण येथेच सुरू होते. एका परिमाणातून दुसरे परिमाण उत्पन्न होते तेव्हा ते आपल्याच जातीचे, पण अधिक उत्कट असते, असा या दर्शनाचा नियम आहे, म्हणून मोठ्यातून अधिक मोठे होते. हाच नियम परमाणूला लावला तर लहानातून अधिक लहान उत्पन्न व्हावे, आणि मग दिसण्याजोगे जग कधीच उभे राहू नये. प्रशस्तपादांनी 'पदार्थधर्मसंग्रहा'त यातून काढलेली वाट अशी, की परिमाणाची कारणे तीन आहेत: घटकांचे परिमाण, घटकांची संख्या आणि प्रचय, म्हणजे घटकांचा सैल संयोग, ज्याच्यामुळे पिंजलेला कापूस फुगून मोठा होतो. परमाणूंच्या बाबतीत पहिले कारण बाद ठरते आणि तिसरेही लागू पडत नाही, म्हणून द्व्यणुकाचे परिमाण दोन या संख्येतून आणि त्र्यणुकाचे दृश्य मोठेपण तीन या संख्येतून आले, असे मानावे लागते.

यापुढची पायरी उदयनाचार्यांच्या अनुमानाचा कणा आहे. एकत्व प्रत्येक द्रव्यात आपोआप असते, पण द्वित्व, त्रित्व इत्यादी संख्या 'हा एक, हा एक' अशा जाणिवेतून उत्पन्न होतात, असे वैशेषिक मानतात, आणि या जाणिवेला अपेक्षाबुद्धी म्हणतात. सृष्टीच्या आरंभी, प्रलयानंतर, परमाणू विखुरलेले असताना त्यांना पाहणारा आणि मोजणारा कोणीही देहधारी जीव नसतो. तरीही द्व्यणुके तयार होतात, त्यांना परिमाण येते, म्हणजे द्वित्व उत्पन्न झालेले असते. तेव्हा ज्याच्या बुद्धीत 'हा एक, हा एक' असे उमटले तो ईश्वर असला पाहिजे. ईश्वराला जगाचा कारागीर ठरवणाऱ्या अनुमानांहून हे अनुमान कितीतरी सूक्ष्म आहे, कारण येथे ईश्वर परमाणूंना ढकलत नाही, त्यांना आकार देत नाही. तो त्यांना केवळ जाणतो, आणि त्या जाणण्यातून जगाला आकारमान मिळते.

पुढे जाण्याआधी एक मर्यादा आखून घेणे अगत्याचे आहे. वैशेषिकांचा परमाणू आणि रसायनशास्त्रातील अणू या दोन वस्तू एक नव्हेत. पहिला निरवयव आहे, दुसऱ्याला केंद्रक व इलेक्ट्रॉन असे अवयव आहेत. पहिल्याचे चार प्रकार तर्काने ठरले, दुसऱ्याचे शंभराहून अधिक प्रकार प्रयोगशाळेत वेगळे करून ओळखले गेले. आधुनिक विज्ञानातले सारे प्राचीन ग्रंथांत आधीच होते, या समजुतीवर मेघनाद साहा यांनी 1939च्या सुमारास 'भारतवर्ष' या बंगाली मासिकातून कठोर टीका केली होती, आणि आयनीभवन ऊर्जेच्या आधारे ताऱ्यांचे वर्णपट उलगडून दाखवणाऱ्या शास्त्रज्ञाची ती टीका येथे विसरून चालणार नाही. प्राचीन दर्शनाकडून घ्यायचा तो प्रश्न, आणि प्रश्न नीट मांडण्याची शिस्त. उत्तर त्याच्याकडे आयते होते असे म्हणणे त्या दर्शनावरही अन्याय करणारे आहे.

रसायनशास्त्रात संख्येला कारणत्व मिळाले ते हळूहळू. दिमित्री मेंडेलीव यांनी 1869 साली त्या वेळी ज्ञात असलेली 63 मूलद्रव्ये अणुवस्तुमानांच्या क्रमाने मांडली तेव्हा गुणधर्म ठरावीक अंतराने परत येतात हे स्पष्ट झाले, आणि त्याच सुमारास जर्मनीत लोथार मायर यांनी अणूंच्या आकारमानांचा आलेख काढला तो समुद्राच्या लाटेसारखा वरखाली होत गेलेला निघाला, ज्याच्या प्रत्येक शिखरावर लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, सीझियम यांपैकी एक अल्कधातू होता. परंतु वस्तुमानाचा क्रम काही ठिकाणी अडखळत होता. टेल्युरियम आयोडीनपेक्षा जड असूनही गुणधर्म पाहता त्याला आयोडीनच्या आधी बसवावे लागले, आणि मेंडेलीव यांनी ते तसे बसवले. हा क्रम खरोखर कशाचा आहे, हे 1913 साली हेन्री मोझली यांनी दाखवले: मूलद्रव्यांतून निघणाऱ्या क्ष-किरणांच्या वारंवारितेचे वर्गमूळ एका मूलद्रव्याकडून दुसऱ्याकडे जाताना सारख्या पायऱ्यांनी वाढते, आणि ही पायरी केंद्रकावरील धनभाराच्या एका एककाची आहे. तोपर्यंत अणुअंक हा रांगेतील नुसता अनुक्रमांक होता. मोझली यांच्या प्रयोगानंतर तो अणूच्या आत असलेली, मोजता येणारी वस्तुस्थिती ठरला. मोझली 1915 साली गॅलिपोलीच्या युद्धात वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मारले गेले, आणि त्या एका गोळीने विज्ञानाचे केवढे नुकसान केले याची कल्पना त्यांचे थोडेसेच निबंध वाचताना येते.

तिसरे आवर्त, म्हणजे सोडियमपासून आरगॉनपर्यंतची आडवी ओळ, जवळून पाहिली तर संख्येचे काम दिसते. सोडियमच्या केंद्रकात 11 प्रोटॉन असतात, क्लोरीनच्या केंद्रकात 17. दर पायरीला एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन वाढतो, म्हणजे अणूत सामग्रीची भरच पडते. तरीही सहसंयुजी त्रिज्या, म्हणजे बंध जोडलेल्या अवस्थेत अणूला मोजून दिलेली त्रिज्या, सोडियमच्या 166 पिकोमीटरवरून क्लोरीनच्या 102 पिकोमीटरपर्यंत उतरते. भर पडत असताना वस्तू आक्रसते, ही गोष्ट रोजच्या अनुभवाला धरून नाही. तिचे कारण असे, की नवा इलेक्ट्रॉन त्याच बाह्यतम कवचात जातो, आणि एकाच कवचातील इलेक्ट्रॉन परस्परांना केंद्रकाच्या आकर्षणापासून फारसे झाकू शकत नाहीत, त्यामुळे वाढलेला धनभार साऱ्या कवचाला आत ओढून घेतो. आरगॉननंतर 19व्या क्रमांकाच्या पोटॅशियमचा शेवटचा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात बसतो, आतले 18 इलेक्ट्रॉन त्याला केंद्रकापासून जवळजवळ झाकून टाकतात, आणि त्रिज्या एकदम 203 पिकोमीटरवर जाते.

आयनीभवन ऊर्जा, म्हणजे वायुरूप अवस्थेतील एकट्या अणूपासून सर्वांत सैल बांधलेला इलेक्ट्रॉन कायमचा दूर करण्यासाठी लागणारी ऊर्जा, त्रिज्येच्या उलट दिशेने चालते: सोडियमला 496 किलोज्यूल प्रति मोल पुरतात, आरगॉनला 1521 लागतात, आणि पोटॅशियमला पुन्हा अवघे 419. चढ सरळ नाही. मॅग्नेशियमच्या 738नंतर ॲल्युमिनियम 578वर घसरते, कारण त्याचा तेरावा इलेक्ट्रॉन थोड्या वरच्या ऊर्जेच्या उपकवचात एकटा बसलेला असतो. फॉस्फरसच्या 1012नंतर गंधकाला 1000च लागतात, कारण त्या उपकवचात तेथे प्रथमच दोन इलेक्ट्रॉनांना एकच कक्षक वाटून घ्यावे लागते आणि त्यांचे परस्परांशी असलेले प्रतिकर्षण एकाला बाहेर पडायला मदत करते. हे अपवाद नियमाला कमी करणारे नाहीत. मोजणी किती बारीक स्तरावर काम करते, हे तेच दाखवतात. सोडियमचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायचा तर 496च्या जागी 4562 किलोज्यूल मोजावे लागतात, आणि मिठात सोडियम नेहमी एकच इलेक्ट्रॉन गमावून का बसलेला असतो, याचे मोठे कारण या दोन आकड्यांमधील दरीत आहे.

वैशेषिकांच्या चोवीस गुणांच्या यादीत संख्या आणि परिमाण यांच्यासोबत संयोग आणि विभाग हेही गुण म्हणून येतात; मुंबई संस्कृत मालिकेत 1897 साली आठल्ये आणि बोडस यांनी सिद्ध केलेल्या 'तर्कसंग्रहा'च्या आवृत्तीतून महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी ही यादी अभ्यासली आहे. रसायनशास्त्रातील दोन्ही राशी या चौकटीत ठेवून पाहिल्या तर त्यांच्यातील एक खोल फरक लक्षात येतो. आयनीभवन ऊर्जा ही विभागाची राशी आहे: एक विशिष्ट घटना घडते, इलेक्ट्रॉन वेगळा होतो, त्याची किंमत मोजली जाते, आणि त्या मोजणीत शास्त्रज्ञांच्या सोयीला जागा उरत नाही. आकारमान मात्र संयोगावरूनच कळते, कारण अणूला कडा नाही. इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता केंद्रकापासून दूर जाताना विरळ होत जाते, पण कोठेही एकदम संपत नाही.

मिठाच्या स्फटिकाचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी 1913 साली क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची रचना उलगडली, आणि शेजारच्या सोडियम व क्लोरीन केंद्रकांतील अंतर सुमारे 282 पिकोमीटर आहे हे निश्चित झाले. हे अंतर हीच प्रत्यक्ष मोजलेली वस्तू. त्यातले किती सोडियमचे आणि किती क्लोरीनचे, हे मोजणीतून कळत नाही, ते ठरवावे लागते. ब्रॅग यांनीच 1920 साली ते ठरवताना सोडियमला सुमारे 177 आणि क्लोरीनला सुमारे 105 पिकोमीटर दिले; त्याच दशकात गोल्डश्मिट आणि पॉलिंग यांनी सोडियम आयनला शंभराहून थोडे कमी आणि क्लोराइड आयनला 181 दिले, म्हणजे लहान कोण आणि मोठा कोण हेच उलटे झाले, आणि पुढे हीच वाटणी मान्य झाली. इलेक्ट्रॉनांची घनता जेथे सर्वांत विरळ होते तेथे सीमा मानली तर वाटणी आणखी निराळी होते. मूळ अंतर मात्र या साऱ्या काळात तसूभरही बदलले नाही. पारिमांडल्य हा परमाणूचा स्वतःचा, नित्य आणि कोणाशीही संबंध न येता असलेला गुण आहे, हे वैशेषिक मत रासायनिक अणूला लागू पडत नाही, असा स्पष्ट निष्कर्ष येथे काढता येतो. द्रव्याला स्वतःपुरता स्वभाव नसतो, जे काही दिसते ते परस्परावलंबनातून दिसते, हे बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनांचे म्हणणे आकारमानाच्या बाबतीत सत्याच्या अधिक जवळ जाणारे आहे.

पण संख्येच्या बाबतीत नागार्जुनांची सरशी होत नाही. सोडियमच्या केंद्रकातील अकरा प्रोटॉन मिठात असोत, धातूत असोत की सूर्याच्या वातावरणात, अकराच असतात. साहा यांनी 1920 साली प्रसिद्ध केलेले समीकरण याच भरवशावर उभे आहे: तापमान, दाब आणि त्या मूलद्रव्याची आयनीभवन ऊर्जा या तीन गोष्टी माहीत असल्या तर ताऱ्याच्या वातावरणात त्याचे किती अणू आयन झाले असतील हे काढता येते. रुबिडियमची आयनीभवन ऊर्जा 403 किलोज्यूल प्रति मोल इतकी कमी असल्यामुळे सूर्याच्या पृष्ठभागाशी त्याचे बहुतेक अणू इलेक्ट्रॉन गमावून बसलेले असतात, म्हणून त्याच्या रेषा तेथे दिसत नाहीत, पण तुलनेने थंड अशा सौरडागांत त्या दिसाव्यात, असे साहा यांनी सुचवले, आणि पुढे सौरडागांच्या वर्णपटात त्या सापडल्या. पृथ्वीवरील प्रयोगशाळेत कळलेली अणूची घडण तेथेही तशीच होती. बदलली होती ती केवळ परिस्थिती.

मग संख्या कारण कशी होते? केवळ धनभार वाढल्याने आवर्तन निर्माण होत नाही. इलेक्ट्रॉनांवर अन्य बंधन नसते, तर ते सर्वच्या सर्व सर्वांत आतल्या, सर्वांत कमी ऊर्जेच्या अवस्थेत जाऊन बसले असते, अणुअंक वाढेल तसे अणू लहानलहान होत गेले असते, आयनीभवन ऊर्जा वाढत गेली असती, आणि पोटॅशियमपाशी सोडियमचे वळण कधीच परत आले नसते. ते बंधन वोल्फगांग पाउली यांनी 1925 साली सांगितले: एका अवस्थेत एकाहून अधिक इलेक्ट्रॉन राहू शकत नाहीत. या नियमाच्या मुळाशी अशी गोष्ट आहे, की सर्व इलेक्ट्रॉन परस्परांशी पूर्णपणे एकरूप आहेत. दोघांची अदलाबदल केली तर अणूचे वर्णन करणाऱ्या तरंगफलाचे चिन्ह तेवढे बदलते, मोजता येण्याजोगे काहीही बदलत नाही. 'हा पहिला इलेक्ट्रॉन, हा दुसरा' असे म्हणण्याला निसर्गात कोणताही आधार नाही.

वैशेषिक दर्शनाला ज्याच्यावरून नाव मिळाले तो 'विशेष' हा पदार्थ नेमका याच जागी ढासळतो. दोन पार्थिव परमाणू सर्व गुणांनी सारखे असले, तरी प्रत्येकात त्याचा स्वतःचा असा एक अंतिम भेदक असतो, आणि योग्यांना त्याच्या बळावर हा परमाणू तो नव्हे हे दिसते, असे प्रशस्तपाद सांगतात. इलेक्ट्रॉनांत असा भेदक असता, तर आवर्तसारणीतील लाटा उसळल्याच नसत्या. त्या आहेत याचे कारणच मुळी इलेक्ट्रॉनांना विशेष नाही हे आहे. तरीही ते किती आहेत, हे नक्की सांगता येते, आणि रसायनशास्त्राचा सारा डोलारा त्या नक्कीपणावर उभा आहे. अकरा आहेत, पण त्यांतला सातवा कोणता हा प्रश्नच उद्भवत नाही. संख्या आहे, क्रम नाही.

उदयनाचार्यांच्या अनुमानाला यामुळे बसणारा धक्का बाहेरचा नाही, तो त्यांच्याच अटींवर बसतो. त्यांच्या मते द्वित्व उत्पन्न होते ते 'हा एक, हा एक' अशा जाणिवेतून, आणि अशी जाणीव होण्यासाठी एकाकडे बोट दाखवून दुसऱ्याला त्याच्यापासून वेगळे करता आले पाहिजे. इलेक्ट्रॉनांना तसे वेगळे करणे सर्वज्ञालाही शक्य नाही, कारण तेथे जाणण्याजोगा भेदच नाही, आणि नसलेली गोष्ट न जाणणे ही सर्वज्ञतेतील उणीव ठरत नाही. अनुमानाचा पाठीराखा असे म्हणू शकेल की ईश्वर एकेकाला न मोजता 'अकरा' ही संख्या एकदमच जाणतो. परंतु तसे मानले की संख्या आधी असते आणि ईश्वराचे ज्ञान तिला विषय करते. ज्ञान हे संख्येचे कारण राहत नाही, आणि अनुमानाचा पाया निघून जातो. संख्येला कारण मानावे लागते, हे उदयनाचार्यांनी अचूक ओळखले होते. तिला मोजणारा लागतो, हा त्यांचा पुढचा टप्पा टिकत नाही.

हा टप्पा गाळूनही संख्येची गंभीरता कायम ठेवणारा विचार उदयनाचार्यांच्याच न्यायपरंपरेत, सोळाव्या शतकातील नवद्वीपात, रघुनाथ शिरोमणींनी 'पदार्थतत्त्वनिरूपणा'त मांडला. रंग हा गुण आहे आणि गुणात दुसरा गुण राहू शकत नाही, तरीही 'दोन रंग' असे यथार्थपणे म्हणता येते. म्हणून संख्या हा गुण नसून स्वतंत्र पदार्थ आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. त्याच ग्रंथात त्यांनी विशेष हा पदार्थ नाकारला, आणि परमाणू व द्व्यणुक नाकारून दृश्य त्र्यणुकापाशीच द्रव्याची विभागणी थांबवली. शेवटचे मत आज कोणालाही स्वीकारता येणार नाही, पण विशेषाला निरोप देऊन संख्येला स्वतंत्र स्थान देणे, ही जोडी प्रयोगाच्या आधाराशिवाय, केवळ विचाराच्या काटेकोरपणातून त्यांना सुचली, हे थक्क करणारे आहे. संख्या हा स्वतंत्र पदार्थ ठरला की तिच्यावरून ईश्वराकडे जाणारी उदयनाचार्यांची वाट अरुंद होते, परंतु त्यामुळे रघुनाथांचा ईश्वर नाहीसा झाला नाही. दिशा आणि काल ही ईश्वराहून वेगळी द्रव्ये नाहीत असे मत याच ग्रंथात मांडून त्यांनी त्याला आणखी जवळ आणले, कारण ज्या अवकाशात इलेक्ट्रॉन विरळ होत जातो आणि ज्या कालात तो वेगळा होतो, ते दोन्ही त्या मतानुसार ईश्वराहून वेगळे नाहीत.